इओसिनोफिल एवढे वाढले, मग लिव्हर फ्लूक जिवंत कसा?

प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे मधूनच वाचायला आलेल्यांनाही संदर्भ लागेल. प्रश्नकर्तीने सी५७बीएल/६ जातीच्या उंदरांना फॅसिओला हेपॅटिका या यकृतात राहणाऱ्या चपट्या किड्याचे (लिव्हर फ्लूक) प्रत्येकी १० मेटासर्केरिया, म्हणजे कवचातली पिल्लं, तोंडावाटे दिले आणि २१व्या दिवशी निम्मे उंदीर उघडले. पोटाच्या पोकळीच्या धुवणात इओसिनोफिलच इओसिनोफिल होते, म्हणजे जंतांच्या संसर्गात वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी. प्लीहा चांगलीच फुगलेली होती. पण प्लीहेच्या पेशींना टी पेशींना चेतवणारं अँटी-सीडी३ दिल्यावर इंटरफेरॉन-गॅमा, म्हणजे दाह पेटवणारा संदेश-रेणू, मात्र निरोगी उंदरांपेक्षाही कमी आलं. यकृतात फ्लूक सुखरूप. उरलेल्या उंदरांपैकी एक २४व्या दिवशी मेला. गाइडचं म्हणणं, प्रयोग फसला. तिचा प्रश्न, ‘प्रतिकारशक्ती लढतेय की फ्लूकने दाबून टाकलीय?’

प्रयोग फसलेला नाही. तुमचे आकडे या संसर्गात जसे यायला हवेत तसेच आलेत. गोची प्रश्नातच आहे. लढणं आणि दबणं या दोनच खिडक्यांतून पाहिलं तर उंदरातला फ्लूक कधीच कळत नाही. मी मूळचा जनावरांचा डॉक्टर, नंतर प्रयोगशाळेत रमलो आणि गेली अठरा वर्षं याच किड्याच्या मागे आहे. पहिली चार-पाच वर्षं मीही हाच प्रश्न विचारत होतो. आता माझं मत असं झालंय की २१व्या दिवशी तुम्हाला दिसलेल्या बहुतेक पेशी फ्लूकला मारायला आलेल्याच नसतात. त्या घर दुरुस्त करायला आलेल्या असतात. शिपाई समजून आपण ज्यांची हजेरी घेतो ते बरेचसे गवंडी असतात.

आधी कशावर काय अवलंबून आहे ते सांगून टाकतो. उंदराची जात महत्त्वाची. बाल्ब/सी मुळातच टीएच-२कडे, म्हणजे जंतांविरुद्धच्या धाटणीच्या प्रतिसादाकडे झुकलेला, सी५७ तितका नाही. डोस महत्त्वाचा, ५ आणि १५ मेटासर्केरियांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. आणि फ्लूक कोणता, हे तर सगळ्यात आधी विचारायला हवं. आपल्याकडे महाराष्ट्रात म्हशी-गायींच्या यकृतात सापडतो तो प्रामुख्याने फॅसिओला जायगॅन्टिका. हेपॅटिका आपल्या देशात हिमालयाच्या थंड पट्ट्यातला. युरोपातले जवळपास सगळे उंदरांचे निष्कर्ष हेपॅटिकाचे आहेत. कत्तलखान्यातून आणलेल्या जायगॅन्टिकाचं अँटिजेन वापरून त्यांच्याशी तुलना करत असाल तर पुढचं सगळं जपून वाचा.

आता फ्लूकचा प्रवास, कारण सगळं उत्तर त्यात आहे. मेटासर्केरिया म्हणजे पाव मिलिमीटरचीही नसलेली गोळी. लहान आतड्यात तिचं कवच फुटतं, आतलं पिल्लू काही तासांत आतड्याची भिंत भोसकून पोटाच्या पोकळीत उतरतं. उंदरात साधारण ४ ते ६ दिवसांत ते यकृताच्या आवरणाला भोक पाडून आत शिरतं. मग तीन-चार आठवडे यकृत खात, बोगदे पाडत फिरतं आणि शेवटी पित्तनलिकेत जाऊन स्थिरावतं. मेंढीत हाच यकृतातला फेरफटका सहा ते आठ आठवड्यांचा. पूर्ण वाढलेला हेपॅटिका दोन-तीन सेंटिमीटरचा होतो आणि उंदराची पित्तनलिका एरवी मिलिमीटरभरही रुंद नसते. त्यामुळे पाचव्या आठवड्यात उंदीर उघडला तर ती नलिका बोटभर फुगल्यासारखी, जाड भिंतीची दिसते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते आतडंच वाटलं होतं.

म्हणजे आतडं, पोकळी, यकृताचा गाभा आणि पित्तनलिका अशी चार मुक्कामाची ठिकाणं झाली, आणि प्रत्येक ठिकाणचा प्रतिसाद वेगळा. ‘फ्लूक झालेल्या उंदरात कोणत्या पेशी वाढतात’ या प्रश्नाला म्हणूनच अर्थ नाही. कुठे आणि कितव्या दिवशी, हे जोडल्याशिवाय मी विद्यार्थ्यांना तक्ता काढू देत नाही. तुम्ही २१व्या दिवशी पोकळी धुतलीत. पण त्या दिवशी फ्लूक पोकळीत नाहीतच, दोन आठवड्यांपूर्वी यकृतात गेलेत. तुम्ही गाडी सुटून गेलेल्या स्टेशनावर प्रवासी मोजलेत. ते प्रवासी खरे आहेत, पण ते गाडी पकडायला आले होते असं त्यावरून म्हणता येत नाही. काही तिथे रेंगाळलेले असतात, आणि बरेचसे यकृताच्या पृष्ठभागावरच्या जखमांमुळे येत राहतात.

आता इओसिनोफिल. आयएल-५ हा संदेश-रेणू वाढला की हे वाढणारच. जंतांच्या बहुतेक संसर्गांत वाढतात. ते फ्लूकला का मारू शकत नाहीत याची मला पटलेली तीन कारणं आहेत.

एक, फ्लूकची कात. पिल्लाच्या अंगावर साखरयुक्त प्रथिनांचा एक थर असतो आणि तो ते सतत सोलून टाकत राहतं, काही तासांत जुना थर जाऊन नवा येतो. अँटिबॉडी चिकटते, अँटिबॉडीला इओसिनोफिल चिकटतो, आणि फ्लूक तो थरच अंगावरून उतरवून पुढे निघतो. मी एकदा नुकत्याच कवचातून निघालेल्या पिल्लांवर संसर्गित उंदराचं सीरम आणि पोकळीतल्या पेशी टाकून रात्रभर सूक्ष्मदर्शकाखाली बसलो होतो. सुरुवातीला पिल्लू पेशींनी असं मढलं की हे गेलंच म्हटलं. पहाटे पाहतो तर थाळीत पेशींचा मोजा पडलाय, आणि पिल्लू शेजारी वळवळतंय.

दोन, कात्री. फ्लूक जे स्रवतो त्यात कॅथेप्सिन-एल नावाची प्रथिनं कापणारी एन्झाइम्स ढीगभर असतात. ती अँटिबॉडीला बिजागरीच्या जागी कापतात. मग चिकटणारा भाग एकीकडे आणि पेशीला बोलावणारा भाग दुसरीकडे.

तीन, उंदराच्या इओसिनोफिलवर आयजीई या अँटिबॉडीला घट्ट धरणारा रिसेप्टरच नसतो, आणि माणसाच्या इओसिनोफिलच्या मानाने तो आपली कणिकाही सहजासहजी ओकत नाही. तेव्हा माणसांच्या पाठ्यपुस्तकातलं चित्र उंदरावर तसंच्या तसं उतरवू नका.

इथे छोटा उंदीर, रॅट (घूस नव्हे, प्रयोगशाळेतला मोठा पांढरा) आणि मेंढी यांची तुलना करून पाहा, फार शिकायला मिळतं. रॅट दुसऱ्यांदा संसर्ग दिल्यावर बऱ्यापैकी टक्कर देतो. त्याच्या पोकळीतले मॅक्रोफेज, म्हणजे गिळणाऱ्या मोठ्या पेशी, नायट्रिक ऑक्साइडने पिल्लांना मारतात. इंडोनेशियातली बारीक शेपटीची मेंढी जायगॅन्टिकाला पुरून उरते, पण हेपॅटिकापुढे तीच मेंढी हरते. म्हणजे मारणं शक्य आहे. पण ते कोणत्या यजमानात, कोणत्या फ्लूकविरुद्ध आणि पिल्लू पोकळीत असतानाच्या त्या थोड्या दिवसांत जमतं का, यावर सगळं ठरतं. छोट्या उंदराला ते जमत नाही. तो फ्लूकच्या बाबतीत सताड उघडं दार आहे. संशोधनासाठी सोयीचा आहे तो त्यामुळेच, आणि दिशाभूल करतो तोही त्यामुळेच.

मॅक्रोफेज हा या सगळ्यातला खरा गाभा, आणि तुमच्या प्रश्नात त्याचा उल्लेखच नाही! धुवणाचे नमुने शिल्लक असतील तर आधी त्यात एफ४/८०, सीडी२०६, आर्जिनेज-१ आणि रेल्म-अल्फा ही त्याची ओळखचिन्हं बघा. संसर्ग झालेल्या उंदराच्या पोकळीत मॅक्रोफेज ‘पर्यायी सक्रिय’ म्हणतात त्या रूपात जातात. याला आयएल-४ आणि आयएल-१३ कारण आहेतच, पण फ्लूकचं स्वतःचं पेरॉक्सिरेडॉक्सिन हे प्रथिन नुसतं टोचलं तरी उंदराच्या पोकळीत असेच मॅक्रोफेज तयार होतात, हे दाखवलं गेलंय.

आर्जिनेज काय करतं हे समजून घ्या, कारण ‘गवंडी’ म्हणतो ते इथून. आर्जिनिन हा एकच कच्चा माल. तो नायट्रिक ऑक्साइड बनवणाऱ्या एन्झाइमकडे गेला तर विष बनतं, रॅट करतो तसं. आर्जिनेजकडे गेला तर ऑर्निथिन होतं, त्यातून पुढे प्रोलिन, आणि प्रोलिनमधून कोलॅजेन, म्हणजे जखमेचा गिलावा. एकाच पोत्यातला माल, एक तर गोळ्या पाडा नाही तर भिंत लिंपा. उंदराने लिंपायचं ठरवलंय. आणि मला विचाराल तर शहाणपणाने ठरवलंय. दोन ग्रॅमही वजन नसलेल्या यकृतात दहा किडे बोगदे पाडत असताना प्रत्येक बोगद्यात जळजळीत दाह पेटवला तर उंदीर किड्याआधी दाहानेच मरेल.

आणखी एक गोष्ट. टिश्यूत आधीपासून राहणारे मॅक्रोफेज आयएल-४च्या प्रभावाखाली जागच्या जागी विभागून वाढू शकतात, रक्तातून नवी भरती लागतेच असं नाही. हे २०११मध्ये फुप्फुसाभोवतीच्या पोकळीतल्या एका गोल जंतावर दाखवलं गेलं. फ्लूकमध्ये यकृत फाटत असल्यामुळे रक्तातून मोनोसाइट, म्हणजे पुढे मॅक्रोफेज होणाऱ्या पेशीही येतात, दोन्ही चालू असतं. म्हणून ‘मॅक्रोफेज वाढले’ एवढं लिहून थांबू नका. जुने रहिवासी किती, नवे किती, हे टिम-४ आणि एलवाय-६सी या ओळखचिन्हांनी वेगळं करा.

इंटरफेरॉन-गॅमा कमी आलं त्यात तुमच्या गाइडना अपयश दिसलं, मला उलट जुनी ओळख दिसली. १९९९मध्ये आयर्लंडच्या मंडळींनी फ्लूक असलेल्या उंदरांना डांग्या खोकल्याच्या जिवाणूचा संसर्ग दिला. जिवाणूविरुद्धचा टीएच-१, म्हणजे इंटरफेरॉन-गॅमावर चालणारा प्रतिसाद दबला आणि फुप्फुसातून जिवाणू जायला उशीर लागला. आयएल-४ नसलेल्या उंदरांत हा दाब बराच सैल झाला. म्हणजे फ्लूक यकृतात आणि परिणाम फुप्फुसात! पुढे २००९मध्ये दिसलं की फ्लूक असलेल्या उंदरांत मल्टिपल स्क्लेरोसिससारखा प्रायोगिक आजारही सौम्य होतो आणि तिथे कळीचा मुद्दा टीजीएफ-बीटा या दाह शमवणाऱ्या रेणूचा आहे. आयएल-१० हा तसाच दुसरा रेणू नसला तरी चालतं. गोठ्यातलं उदाहरण हवं तर इंग्लंड-वेल्समधल्या दुभत्या कळपांवरचा २०१२चा अभ्यास आहे. फ्लूक असलेल्या गायींत क्षयाची त्वचाचाचणी कमी पकडते. तो वाचल्यापासून उंदराच्या प्लीहेतला इंटरफेरॉन-गॅमाचा खड्डा मला कधी नुसता आलेखातला खड्डा वाटला नाही.

पण थांबा. तुमच्या बाबतीत एक साधी शंका आधी फेडून घ्या. तुम्ही थाळीतल्या प्रत्येक खाचेत किती पेशी टाकल्या? सगळ्यांत दोन लाख, असंच असणार. निरोगी प्लीहेच्या दोन लाखांत टी पेशी समजा साठ-सत्तर हजार. फुगलेल्या प्लीहेत इओसिनोफिल, मॅक्रोफेज, बी पेशी यांची गर्दी झालेली असते, तिथे दोन लाखांत टी पेशी निम्म्याही नसतील. मग इंटरफेरॉन-गॅमा कमी आलं ते दाबामुळे की टी पेशीच कमी पडल्या म्हणून? त्याच पेशींची सीडी३-सीडी४ची मोजणी असेल तर दर टी पेशीमागे हिशोब करा. नसेल तर पुढच्या वेळी सीडी४ पेशी वेगळ्या काढून लावा. खड्डा तरीही उरला, तर तो खरा. माझ्या अनुभवात उरतो, पण पहिल्या आलेखात दिसतो तेवढा खोल नसतो.

आणि प्लीहेवरच का अडलात? यकृताचं पाणी ज्या लिम्फ नोडमध्ये उतरतं, यकृताच्या दाराशी असलेली ती गाठ, संसर्गात वाटाण्याएवढी होते. फ्लूक ओळखणाऱ्या टी पेशी तिथे भेटतील. प्लीहा म्हणजे तालुक्याचं ठिकाण, गावातली बातमी तिथे पोचेपर्यंत पातळ होते.

आता हातचुका. कागदावर कुणी लिहीत नाही म्हणून लिहितो.

यकृतातून पेशी काढताना एकच खंड घेऊ नका. फ्लूक सगळीकडे सारखे फिरत नाहीत. एका खंडात पांढरट वेड्यावाकड्या रेघाच रेघा, दुसरा जवळजवळ कोरा, असं एकाच उंदरात पाहिलंय. हिस्टॉलॉजीसाठी एक ठरलेला तुकडा ठेवून बाकी सगळं यकृत कोलॅजिनेज या टिश्यू सुटी करणाऱ्या एन्झाइममध्ये घाला. त्याआधी रक्त नीट धुऊन काढा, नाहीतर यकृतातल्या पेशी म्हणून रक्तातल्याच मोजाल. पेशी घनतेनुसार वेगळ्या करणाऱ्या पर्कोल द्रवाच्या दोन थरांमधलीच रिंग उचलत असाल तर इओसिनोफिल आणि न्यूट्रोफिल जड असल्यामुळे काही खाली निसटतात. ‘यकृतात इओसिनोफिल फारसे नाहीत’ असा निष्कर्ष मी एकेकाळी आत्मविश्वासाने सांगितला होता, त्याचं मूळ पर्कोलच्या नळीच्या बुडाशी निघालं.

फ्लो सायटोमेट्रीत, म्हणजे लेझरने एकेक पेशी मोजताना, इओसिनोफिल स्वतःच चमकतात. सिग्लेक-एफ हे इओसिनोफिलचं ओळखचिन्ह लावा, मेलेल्या पेशींचा रंग लावा, एफसी रिसेप्टर झाका. एवढं करूनही दर तुकडीतली एक काचपट्टी सायटोस्पिन करून (पेशी फिरवून काचेवर बसवून) लीशमन रंगाने रंगवा. उंदराच्या इओसिनोफिलचं केंद्रक मेदूवड्यासारखं, मध्ये भोक असलेलं असतं आणि भोवती गुलाबी कणिका. एकदा डोळ्यात बसलं की चुकत नाही. संगणकावरच्या ठिपक्यांपेक्षा मी त्या काचपट्टीवर जास्त विसंबतो.

आयएल-४ इलायझा चाचणीत कमी आलं म्हणून टीएच-२ नाही असं ठरवू नका. पेशी ते जिथल्या तिथे वापरून टाकतात. आयएल-५ आणि आयएल-१३ मोजा, ते टिकतात.

सर्वात मोठा सापळा फ्लूकच्या स्रावांचा, म्हणजे ईएस अँटिजेनचा. कत्तलखान्यातल्या पित्ताशयातून काढलेले फ्लूक कितीही धुतले तरी सोबत जिवाणू येतात आणि त्यांचं एंडोटॉक्सिन स्रावात उतरतं. आमच्याकडे एका वर्षाचं काम असंच गेलं. ‘फ्लूकचा स्राव मॅक्रोफेजना चेतवतो’ असं आम्ही मानत होतो, आणि चेतवत होतं एंडोटॉक्सिन. तेव्हा एंडोटॉक्सिन शोधणारी लिम्युलस चाचणी आधी, प्रयोग नंतर. दुसरं म्हणजे त्याच स्रावातलं कॅथेप्सिन तुमच्या खाचेतली सायटोकाइन्स (संदेश-रेणू) आणि पेशींवरची प्रथिनंसुद्धा कापू शकतं. मॅक्रोफेजच्या आत शिरून ते टीएलआर-३ हा रिसेप्टर तोडतं हे २०१०मध्ये दाखवलं गेलंय. म्हणून ई-६४ नावाचा रोधक घातलेली एक खाच आणि तापवून मारलेल्या स्रावाची एक खाच हवीच. त्याशिवाय ‘दाबलं’ हा शब्द वापरू नये, कदाचित नुसतं कापलं असेल.

तुमच्या जागी असतो तर पुढची फेरी अशी आखली असती. डोस ५वर आणायचा. दिवस ३, ७, १४ आणि २१. तिसऱ्या दिवशी फक्त पोकळी, कारण पिल्लं तिथे आहेत. सातव्यापासून पोकळी, यकृत आणि यकृताची लिम्फ नोड तिन्ही. एका गटाला १४व्या दिवशी ट्रायक्लॅबेन्डाझोल हे फ्लूकवरचं औषध द्यायचं. ते कोवळ्या फ्लूकवरही चालतं. फ्लूक गेल्यावर कोणत्या पेशी ओसरतात आणि कोणत्या मागे राहतात, यावरून शिपाई कोण आणि गवंडी कोण हे बरंच उलगडतं. प्राणी-प्रयोगाच्या नैतिक समितीकडे डोस आणि दिवस बदलल्याची मंजुरी आधी घ्या, आणि उंदीर मरायची वाट न पाहता वजन किती घटल्यावर थांबायचं हे त्यातच लिहून टाका.

प्रत्येक उंदरातले फ्लूक मोजा. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. १० दिले म्हणजे १० लागले असं नसतं. कुठे २, कुठे ६, कुठे एकही नाही. ज्यात एकही नाही त्याला संसर्गित गटात धरायचं की नाही, हे उघडण्याआधी ठरवा.

आणि तो २४व्या दिवशी मेलेला उंदीर. त्याला ‘वगळला’ असं लिहून पुढे जाऊ नका. उंदरात तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मरण येतं ते बहुधा वाढत्या फ्लूकने यकृताची शीर फोडून झालेल्या रक्तस्रावाने. ज्यांच्यात जास्त फ्लूक लागले तेच आधी जातात, आणि २८व्या किंवा ३५व्या दिवशी उरतात ते मुळात कमी फ्लूकवाले. मग ‘इओसिनोफिल जास्त आणि फ्लूक कमी’ असा सुंदर संबंध आलेखावर आपोआप उमटतो, इओसिनोफिलांनी काहीही केलेलं नसताना. फ्रीजरमध्ये असेल तर तो उंदीर बाहेर काढा, यकृत वितळू द्या, चिमट्याने एकेक बोगदा उघडा आणि फ्लूक मोजून आकडा इथे टाका. पोटात रक्त साकळलेलं होतं का, तेही लिहा.